भिंतीवरचा जांभळा रंग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं येईल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राजांचीं नांवें आणि सनावळ्या, अशी आपली समजूत असते. मींही नंदुरबारच्या परिसरांतील प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षें तेंच शिकविलें. परंतु आज मी घरांतल्या भिंतीच्या रंगाचा इतिहास सांगणार आहें. आणि त्यांतही एकाच रंगाचा. जांभूळ पिकून झाडाखालीं पडलें म्हणजे त्याच्या सालीवर जो जवळजवळ काळा, पण उजेडांत धरला तर तांबूस-जांभळा दिसणारा रंग चढतो, तो हा रंग. याला घरगुती निमित्त घडलें, तें आधीं सांगितलें पाहिजे.

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर आमच्या जुन्या घराचें माजघर रंगवावयाचें ठरलें. घर गांवाच्या जुन्या भागांत आहे. पणजोबांच्या वेळचें, धाब्याचें, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचें. सूनबाईनें रंगाच्या दुकानांतून नमुन्याच्या पट्ट्यांचें पुस्तक आणलें आणि त्यांतली एक पट्टी माझ्यापुढें धरली. मला ती काळीच वाटली. खिडकीपाशीं नेली तेव्हां जांभळाची आठवण झाली.

"आप्पा, माजघराला हा रंग द्यावा म्हणतें," ती म्हणाली.

मीं विचार न करतां उत्तर दिलें, "आपल्या घरांत असला रंग कधीं नव्हता. आपलीं घरें पांढरीं."

ती कांहीं बोलली नाहीं. पुस्तक मिटून आंत गेली.

चार दिवसांनीं रंगारी आला व भिंत खरवडूं लागला. जुन्या भिंतीचे पोपडे म्हणजे एक प्रकारची बखरच असते. मात्र ती शेवटच्या पानापासून वाचावी लागते. वर पिस्ता रंगाचें डिस्टेंपर निघालें. त्याखालीं निळसर चुना, मग पांढरा, मग फिकट पिवळा, पुन्हां पांढरा. आणि जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत, या सगळ्यांच्या खालीं, एक रुंद पट्टा निघाला. कोरडा असतांना तो मळकट तांबडा दिसत होता. रंगाऱ्यानें त्यावर ओलें फडकें फिरविलें आणि मला हांक मारली. ओल्या भिंतीवर सूनबाईच्या पट्टीचाच रंग होता.

पुराव्यावांचून विधान करूं नये, असें मुलांना छत्तीस वर्षें बजावणाऱ्या मास्तराचें तोंड तेथें बंद झालें. मग मीं शोध सुरू केला.

प्रथम पांढऱ्याचा विचार करूं. आपल्याकडे भिंत पांढरी कां? कळीचा चुना पाण्यांत विरवावयाचा, फडक्यांतून गाळावयाचा, त्यांत चिकटपणासाठीं थोडा डिंक किंवा सरस घालावयाचा आणि कुंच्यानें दोन हात द्यावयाचे. एवढी ही कृति. लावलेला चुना हवेंतला कर्बाम्ल वायु शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हां दगड होतो. तो स्वस्त असतो, किडा-मुंगीला मारक असतो, आणि मुख्य गोष्ट म्हणजे अंधार हटवितो. चुन्याची ताजी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारें चार-पंचमांश भाग परत फेंकते. गडद जांभळी भिंत एक-दशांश देखील फेंकीत नाहीं. ज्या घराला एक झरोका आणि एक समई, त्या घरानें उजेड गिळणारी भिंत करावी कशी? तेल पैशानें विकत घ्यावें लागे.

दुसरें कारण रसायनाचें आहे आणि तें मला फार उद्बोधक वाटलें. चुन्यांत रंग मिसळला तर चुना स्वतः पांढरा असल्यामुळें प्रत्येक रंग फिका पडतो. फिका नको म्हणून रंगाची माती वाढवीत जावें, तर अदमासें दहाव्या हिश्शाच्या पुढें चुन्याला ती धरून ठेवतां येत नाहीं; भिंतीला पाठ टेकली कीं सदऱ्याला रंग लागतो. शिवाय चुना तीव्र क्षार आहे. वनस्पतींपासून काढलेले बहुतेक रंग त्याच्यापुढें टिकत नाहींत. प्रशियन निळा तर तपकिरी होऊन जातो. टिकतात त्या लोखंडाच्या मात्या, म्हणजे काव, गेरू, पिवडी, आणि त्यांच्याबरोबर कोळशाची पूड. पुढें १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें कृत्रिम अल्ट्रामरीन तयार झालें. हीच ती आपली पुडींतली नीळ. ती चुन्यांत टिकते, म्हणून पांढरा अधिक पांढरा दिसावा यासाठीं चिमूटभर घालण्याची चाल पडली. तात्पर्य, पिस्ता, आकाशी, गुलाबी, पिवळा हे चुन्याचे रंग. गडद जांभळा हा चुन्याचा रंगच नव्हे. आमच्या पूर्वजांना तो आवडत नव्हता असें यावरून म्हणतां येत नाहीं. त्यांना तो चुन्यांत मिळण्यासारखा नव्हता, इतकेंच म्हणतां येतें.

मग आमच्या भिंतीवरचा पट्टा कशाचा? रंगारी वयस्क होता. त्यानें नखानें खरवडून बोटांत चोळलें आणि म्हणाला, "मास्तर, ही हुरमुंज. सरसांत कालवली आहे, चुन्यांत नाहीं."

हुरमुंज किंवा हिरमजी हें नांव इराणच्या आखातांतील हुरमुज बेटाचें. त्या बेटावर तांबडी माती अमाप आहे आणि ती जहाजांतून देशोदेशीं जात असे. हें बेट व्यापाराची किल्ली म्हणून पोर्तुगीजांनीं १५१५ सालीं पक्कें ताब्यांत घेतलें आणि १६२२ सालीं शहा अब्बासानें इंग्रजांच्या गलबतांची मदत घेऊन तें त्यांच्याकडून काढून घेतलें, हें शाळेंत मीं कितीदां तरी सांगितलें असेल. पण त्या बेटाचें नांव माझ्याच माजघराच्या भिंतीवर लागलेलें होतें, हें मला ठाऊक नव्हतें. तांबडी माती म्हणजे लोखंडाचा गंज. तिचे कण बारीक असले तर रंग शेंदरी-तांबड्याकडे झुकतो. कण जाड असले, अथवा ती फार तापविली, तर रंग जांभळ्याकडे वळतो. युरोपांत हिराकस भाजून गंधकाचें तेजाब काढीत, त्या भांड्याच्या तळाशीं असाच जांभळट गाळ उरे. किमयागार त्याला लॅटिनमध्यें 'कॅपुट मॉर्टुम', म्हणजे मेलेलें डोकें, म्हणत. कारण त्यांतलें सत्त्व निघून गेलेलें. पुढें चित्रकारांनीं तोच गाळ रंग म्हणून उचलला आणि नांवही तेंच ठेविलें. दिवाणखान्याला मेलेल्या डोक्याचा रंग देतों असें कोणी आपल्याकडे म्हटलें तर सासू-सुनेचें भांडण एका क्षणांत मिटेल!

सरसांत कालवण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. खानदेशाच्या दक्षिण सीमेवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला तीं शिकारीच्या निमित्तानें दिसलीं, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेथील पांचव्या शतकांतील चित्रें ओल्या चुन्यावर काढलेलीं नाहींत. दगडावर भुसा आणि वनस्पतींचे तंतु घातलेला मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि त्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यांत कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. रंग तरी कोणते? तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि दूरदेशाहून आलेला लाजवर्द. चुन्याचें बंधन नसल्यामुळें चितारी मातीचे रंग हवे तेवढे गडद करूं शकले. दिव्याच्या उजेडांत पाहावयाच्या त्या खोल्यांत तांबूस-काळपट छाया किती दाट आहेत, हें ज्यांनीं तीं लेणीं पाहिलीं त्यांना सांगावयास नको. म्हणजे गडद रंगाची खोली आपल्या देशाला अपरिचित होती असें नाहीं. ती पंधराशें वर्षांची जुनी आहे. फक्त ती राहत्या घरांत नव्हती.

राहत्या घरांत अंधार होता, पण तो कोणी रंगविलेला नव्हता. सातपुड्यांत, अक्राणी-अक्कलकुवा भागांत, भिल्ल आणि पावरा लोकांचीं कुडाचीं घरें मीं नोकरीच्या काळांत पुष्कळ पाहिलीं. चुलीच्या धुरानें वासे आणि वरचा भाग काळाभोर होऊन चकाकूं लागतो. त्या धुरानें किडा लागत नाहीं असें तीं माणसें सांगत. पलीकडे गुजरातेंत छोटा उदेपूरकडील राठवांच्या घरीं मात्र पिठोऱ्याचें चित्र काढावयाचें असलें म्हणजे कुमारिका ती भिंत शेणामातीनें सारवून खडूच्या मातीनें पांढरी करतात, आणि मग दुधांत व मोहाच्या दारूंत कालवलेल्या रंगांनीं घोडे उमटतात. अंधाऱ्या घरांतली एकच पांढरी भिंत, आणि ती देवाची.

गडद जांभळा रंग खानदेशांत खरोखर नांदला तो अंगावर. आपल्याकडे आलीची लागवड होई. तिचीं मुळें तीन-एक वर्षांनीं खणून काढीत व त्यांपासून कापड रंगवीत. तुरटीचा संस्कार दिला तर कापड तांबडें होई. लोखंडाचा, म्हणजे हिराकसाचा, दिला तर तेंच मूळ जांभळट-काळा रंग देई. लुगड्यांच्या रंगांचीं आपलीं जुनीं नांवें आठवून पाहा: अंजिरी, वांगी, उदी, जांभळा. फळांचीं आणि भाज्यांचीं हीं नांवें बायकांनींच ठेविलीं असावींत असा माझा तर्क आहे. पुरुषाला एवढे भेद दिसत नाहींत. १८५६ सालीं विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानें कोयनेल करावयास जाऊन डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८-६९ मध्यें जर्मनांनीं मंजिष्ठेंतला रंग प्रयोगशाळेंत तयार केला. आणि आलीचा धंदा बसला. तापी खोऱ्यांतून सुरतेकडची रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि डब्यांतला परदेशी रंग नंदुरबारच्या बाजारांत सहज उतरूं लागला. तेव्हां आम्ही अखंड खानदेश जिल्ह्यांत होतों. १९०६ सालीं पश्चिम खानदेशांत आलों, पुढें धुळें जिल्ह्यांत, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार हाच जिल्हा झाला. भिंत मात्र त्याच जागीं होती.

पांढऱ्या भिंतीला पुढें सरकारचाही आधार मिळाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. मुंबईस व पुण्यास घरें धुवून आंतून चुना मारण्याची सक्ती झाली. चुन्याची भिंत म्हणजे निरोगी घर, ही समजूत तेव्हांपासून अधिक घट्ट झाली. ती अगदींच चुकीची नव्हती, परंतु प्लेग उंदराच्या पिसवेनें पसरतो, भिंतीच्या रंगानें नव्हे.

जवसाच्या तेलांत सफेता घोटून केलेले रंग दारां-खिडक्यांना पूर्वींपासून देत. सफेता म्हणजे शिसें, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूला घातक. आपल्या सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणलें. ज्यांच्या घरीं जुने तेलरंगाचे दरवाजे आहेत त्यांनीं ते कोरडे घासूं नयेत, पाणी मारून घासावेत, आणि त्या वेळीं मुलांना दूर ठेवावें. हें मी विषय सोडून सांगतों आहें, पण सांगणें जरूर आहे. १९४२ सालीं मुंबईंत एशियन पेंट्स निघाली. १९५४ मध्यें आर. के. लक्ष्मण यांनीं तिच्यासाठीं हातांत कुंचला घेतलेला 'गट्टू' काढला, आणि रंग लावणें ही दिवाळीची मौज ठरली. १९५० नंतरच्या दहा वर्षांत परदेशीं पक्के जांभळे रंग निघाले, आणि आतां दुकानांतलें यंत्र वाटेल ती छटा पांच मिनिटांत मिसळून देतें. तरीही गडद रंगाच्या खोडी कायम आहेत: त्यांत झांकणारी पांढरी पूड कमी असल्यामुळें दोन हातांत भिंत भरत नाहीं, तीन-चार द्यावे लागतात, आणि नुसता हात घासला तरी चकाकणारा डाग उमटतो.

मुख्य बदल रंगांत झाला नाहीं, दिव्यांत झाला. वीज आली, बटण दाबतांच खोली उजळूं लागली, आणि मग लोकांना अंधाराची हौस परवडूं लागली. याचा उलट दाखलाही आहे. इटलींत पाँपेई हें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें २०२४ सालीं एका श्रीमंताचें भोजनगृह उजेडांत आलें, त्याच्या भिंती काळ्या आहेत. दिव्यांची काजळी दिसूं नये म्हणून त्या तशा केल्या असाव्यात, असें उत्खनन करणारे सांगतात. ज्याच्याजवळ तेल पुष्कळ, त्याची भिंत काळी.

इतकें सर्व टिपून झालें, आणि तरीही मला तो रंग नको होता. तेव्हां कळलें कीं माझी हरकत इतिहासाची नव्हती.

माझ्या आजोबांची एक बहीण आमच्या घरीं राहत असे. आम्ही मुलें तिला आत्येआजी म्हणत असूं. ती लहानपणींच विधवा झालेली. डोक्यावरून घेतलेलें तांबडें आलवण, आणि बसण्याची जागा माजघरांतला मागचा कोपरा, झरोक्यापासून सर्वांत दूर. सणावारीं पाहुणे येत, पण ती ओटीवर येत नसे. ती पाठ टेकून बसे त्या ठिकाणीं भिंत गुळगुळीत झाली होती. रंग तिच्या वस्त्राला लागत असला पाहिजे. परंतु वस्त्र आणि भिंत एकाच रंगाचीं, कोणाच्या ध्यानांत येणार? मी सात वर्षांचा असतांना ती वारली. त्या दिवाळीला वडिलांनीं रंगारी न बोलावतां स्वतः चुना विरविला, आणि माजघर खालपासून वरपर्यंत पांढरें केलें. पट्टा त्यांतच गेला. सुतक फिटल्यावर घर शुद्ध करण्याची रीत म्हणून त्यांनीं तसें केलें, कीं तो रंग त्यांना पाहवेना, हें मीं कधीं विचारलें नाहीं. "आपलीं घरें पांढरीं" ही माझी सगळी परंपरा त्या दिवाळीपासूनची.

हें मीं सूनबाईला सांगितलें. ती म्हणाली, "मग राहूं द्या, आप्पा. दुसरा रंग पाहूं." मीं दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशीं तिला म्हटलें कीं हाच रंग द्या, मात्र झरोका मोठा करून घ्या. तेवढी माझी अट.

रंगाऱ्यानें डब्यांतला रंग देऊं दिला नाहीं. मातीच्या भिंतीला आंतून ओल येत-जात असते. वर गुळगुळीत पडदा चढविला तर ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत सगळा थर फुगून सुटतो, असें त्याचें म्हणणें पडलें, आणि तें मला पटलें. त्यानें हुरमुंजीचा तांबडा, काजळी आणि थोडी नीळ एकत्र घोटली, सरस तापवून त्यांत कालविली, आणि एका भिंतीला तीन हात दिले. बाकीच्या तीन भिंती चुन्याच्याच ठेविल्या. पट्टीवरच्या रंगाशीं तो तंतोतंत जुळला नाहीं. सूनबाईच्या मतें जरा अधिक तांबडा आला. दिवसा झरोक्याचा उजेड पडला म्हणजे तो वाळल्या जांभळाच्या सालीसारखा दिसतो, रात्रीं काळा. ही भिंत पाण्यानें पुसतां येत नाहीं, आणि टेकून बसणाऱ्याच्या पाठीला थोडा रंग अजून लागतो. म्हणून सूनबाईनें बैठक वीतभर पुढें ओढून ठेविली आहे.

मागच्या कोपऱ्यांत, जेथें भिंत गुळगुळीत आहे, तेथें मात्र नवा हात दिलेला नाहीं. तेवढा हातभर जुना पट्टा तसाच ठेवावा, असें सूनबाईनेंच रंगाऱ्याला सांगितलें होतें. मीं तें दुसऱ्या दिवशीं पाहिलें.